वर्ण, कांती आणि आंबवलेला अर्क



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने त्वचा उजळवणाऱ्या वनस्पती-अर्कांवर बोलावे, हे निमंत्रणपत्रिका वाचताना आपल्यापैकी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. संयोजकांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मयाची होती. परंतु काही महिन्यांपूर्वी या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने माझ्या टेबलावर एक लहानशी बाटली आणून ठेवली. तिची मुलगी अकरावीत शिकते आणि रोज रात्री त्या बाटलीतला द्रव चेहऱ्याला लावते. ‘यात रसायन काही नाही, आंबवलेला झाडपाला आहे,’ असे मुलीचे म्हणणे. ‘सर, या वेष्टनावरच्या मराठीचा अर्थ तेवढा सांगा,’ असे आईचे म्हणणे. वेष्टनावर लिहिले होते, की आंबवलेल्या वनस्पतींच्या अर्काने वर्ण उजळतो आणि मूळचे गोरेपण प्रकट होते.

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ‘आंबवणे’, ‘वर्ण’, ‘उजळणे’ आणि ‘गोरेपण’ हे चार शब्द त्यात एकमेकांच्या आडोशाने उभे आहेत. ते सुटे करून पाहिल्याखेरीज त्या आईला उत्तर देता येईना. त्यासाठी मला रसायनशास्त्राची आणि त्वचाविज्ञानाची पुस्तके उघडावी लागली. जे समजले ते आपल्यापुढे मांडतो.

आपण बसलो आहोत ते जैनाबाद या विषयाला अगदीच परके नाही. शेख झैनुद्दीन यांच्या नावाचे हे गाव तापीच्या अलीकडच्या काठावर आणि शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाचे बुऱ्हाणपूर पलीकडच्या. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल बुऱ्हाणपुरात निवर्तली आणि तिचा देह प्रथम आपल्या आहुखान्याच्या बागेत ठेवण्यात आला, हे इथल्या मुलांना पाठच असते. पलीकडच्या किल्ल्यातील शाही हमाम पाहायला येणाऱ्या प्रवाशांना वाटाडे तिच्या सुगंधी स्नानाच्या आणि उटण्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यांतल्या किती खऱ्या, हा प्रश्न इतिहासकारांकडे सोपवू. मला महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त उटण्याची नोंद केली आहे ती सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात. त्या दरबाराच्या दृष्टीने उटणे ही अंग स्वच्छ करण्याची आणि दरवळण्याची वस्तू होती. आपल्या घरांतही दिवाळीच्या पहाटे उटणे लावताना आजीने ‘गोरा होशील’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही. ‘अंग कसं तुकतुकीत दिसतंय’ असे ती म्हणत असे. हा ‘तुकतुकीत’ शब्द पुढे पुन्हा लागणार आहे.

आता त्वचेकडे वळू. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. अशी एक रंगपेशी आपल्या शाखांसारख्या बाहूंनी भोवतालच्या सुमारे ३६ पेशींना मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण पुरवते. आश्चर्य असे, की काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या त्वचेतील या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद पडतो तो रंगकणांच्या आकारात, संख्येत, मेलॅनिनच्या जातीत आणि ते कण किती काळ टिकून राहतात यात. हे कण पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे जमतात आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून आतील आनुवंशिक द्रव्याचे रक्षण करतात. वैशाखात तापीच्या वाळवंटात पाय भाजत चाललेल्या माणसाला या छत्रीचे मोल वेगळे सांगायला नको.

मेलॅनिन तयार होते ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून, आणि त्या घडणीची पहिली, सर्वांत महत्त्वाची पायरी टायरोसिनेज नावाच्या विकराच्या हाती असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारा कारागीर. या कारागिराच्या हातात तांब्याचे दोन अणू असतात आणि त्यांच्याविना त्याचे काम चालत नाही. हे तांबे ध्यानात ठेवावे, कारण वर्ण ‘उजळवणाऱ्या’ बहुतेक द्रव्यांचा डाव याच तांब्याभोवती किंवा त्या कारागिराच्या हाताभोवती खेळला जातो.

आंबवण्याबद्दल आपल्या बायकांना काही शिकवायची सोय नाही. दुधाला विरजण लावणे, आंबील करणे, इडलीचे पीठ रात्रभर ठेवणे ही नित्याची कामे. खानदेशात बिबड्यांसाठी ज्वारी तीनतीन दिवस भिजत घालून आंबवतात, तेव्हा त्या वासाने अंगणातून जाणारा पाहुणा नाक धरतो. पण वाळलेला बिबडा भाजून त्याच्या हातात दिला की तो सारे विसरतो. या सर्व क्रियांत जिवाणू, किण्व किंवा बुरशी हे सूक्ष्म जीव धान्यातील वा रसातील मोठे रेणू फोडतात आणि नवे, लहान रेणू निर्माण करतात. आयुर्वेदातील आसवे, अरिष्टे आणि लेप खलण्यासाठी वापरली जाणारी कांजी ही याच कुळातली. म्हणजे ‘आंबवलेला अर्क’ ही कल्पना आपल्याला परकी नाही. परके आहे ते तिच्यामागे उभे केलेले गोरेपणाचे आश्वासन.

त्या आश्वासनाचा उगम शोधत गेलो, तर आपण जपानात पोहोचतो. तेथे तांदूळ वाफवून त्यावर अस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढवतात. तिला कोजी म्हणतात, आणि तिच्या साहाय्याने साके हे मद्य, मिसो आणि सोया सॉस तयार होतात. १९०७ साली सायतो या जपानी संशोधकाने या बुरशीतून एक पदार्थ वेगळा केला. पुढे याबुता यांनी त्याची रचना उलगडली आणि कोजीवरून त्याचे नाव पडले कोजिक आम्ल. हे आम्ल टायरोसिनेजच्या तांब्याला जखडून धरते. तांबे अडकले की कारागीर थबकतो आणि मेलॅनिनची निर्मिती मंदावते. जपानात १९८८ पासून ते अशा प्रसाधनांत अधिकृतपणे वापरले जाऊ लागले. मद्यभट्टीत तांदूळ हाताळणाऱ्या म्हाताऱ्या कामगारांचे हात तरुण स्त्रियांसारखे मऊ असत, अशी एक कथा प्रसाधन-व्यवसायात फार सांगितली जाते. कथा गोड आहे, आणि कथा म्हणूनच तिचा आस्वाद घ्यावा.

कोजिक आम्ल हे एकटेच नाही. दही-ताकातले लॅक्टिक आम्ल टायरोसिनेजला थोडा अडथळा करते. त्याहून अधिक म्हणजे ते त्वचेवरील मृत पेशींचा थर सैल करून काढते. ताकाने तोंड धुतल्यावर चेहरा ताजा दिसतो तो बहुतांशी या कारणाने. सोयाबीन बुरशीने आंबवले की त्यातील काही द्रव्यांचे रूपांतर होते आणि मूळच्या सोयाबीनपेक्षा ती द्रव्ये टायरोसिनेजला अधिक अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आंबवण्याची खरी करामत इथे आहे. वनस्पतीत पुष्कळशी द्रव्ये शर्करेच्या रेणूला बांधलेली असतात. सूक्ष्म जीव ती गाठ सोडतात आणि मोकळे झालेले द्रव्य अधिक क्रियाशील ठरते. आपल्या ज्येष्ठमधाच्या मुळातील ग्लॅब्रिडिन हे द्रव्य तर आंबवण्यावाचूनही प्रयोगशाळेत टायरोसिनेजला अडवते.

‘प्रयोगशाळेत’ हा शब्द मी मुद्दाम पुनःपुन्हा वापरतो आहे. अर्कांच्या या चाचण्यांपैकी बहुसंख्य चाचण्या अळंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर होतात, कारण ते स्वस्त असते आणि सहज मिळते. कापलेली अळंबी काळी पडते ती याच विकरामुळे. परंतु अळंबीतला कारागीर आणि माणसाच्या त्वचेतला कारागीर हे सख्खे भाऊ नव्हेत. लांबचे चुलतभाऊ म्हणावे लागतील. २०१८ साली जर्मन संशोधकांनी मानवी टायरोसिनेज घेऊन जुन्या द्रव्यांची परीक्षा केली, तेव्हा अळंबीवर दणदणीत परिणाम दाखवणारे कोजिक आम्ल मानवी विकरावर बरेच दुबळे ठरले. त्यातही द्रव्य त्वचेच्या वरच्या थरातून खाली रंगपेशीपर्यंत पोहोचायला हवे, बाटलीत टिकायला हवे आणि पुरेशा प्रमाणात असायला हवे. वेष्टनावर ‘अर्क’ म्हटले म्हणजे किती, हे बहुधा लिहिलेले नसते. अर्क हा शब्द कवीलाही प्रिय आणि व्यापाऱ्यालाही, कारण तो मोजावा लागत नाही.

तेव्हा अशा अर्कांचा उपयोग शून्य आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. उन्हाने पडलेले डाग, मुरुमे बरी झाल्यावर उरलेले काळे व्रण, बाळंतपणाच्या सुमारास गालांवर आणि कपाळावर उमटणारे पट्टे यांत मेलॅनिन गरजेपेक्षा अधिक साठलेले असते. तिथे निर्मिती मंदावली तर त्वचा महिन्या-दोन महिन्यांत, थर बदलत जातील तशी, हळूहळू भोवतालच्या रंगाशी मिळतीजुळती होऊ शकते. औषध थांबवून पुन्हा उन्हात फिरले की डाग परतही येतात. पण जन्मतः मिळालेला रंग ही वेगळी वस्तू आहे. तो अनेक जनुकांच्या आज्ञेने ठरतो. त्यांपैकी एका जनुकाचे महत्त्व २००५ साली झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशावरील संशोधनातून उघडकीस आले, आणि २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याच जनुकाचा भारतीयांमधील प्रसार तपासून प्रसिद्ध केला. बाटलीतला अर्क जनुकाची आज्ञा पुसत नाही. वेष्टनावरचे ‘मूळचे गोरेपण’ हे शब्द म्हणूनच निरर्थक आहेत. मूळचा रंग जो आहे तोच मूळचा.

इथे भाषेकडे वळणे मला भाग आहे. अशा डागांना मराठीत ‘वांग’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘व्यंग’वरून आला आणि सुश्रुताने व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ विकारांत केली. आपल्या आजीबाईंच्या तोंडी असलेला शब्द दोन हजार वर्षांच्या वैद्यकाशी असे नाते सांगतो आणि तो नेमका विकाराचे नाव आहे, रंगाचे नव्हे. चरकाने ‘वर्ण्य’ म्हणून दहा द्रव्यांचा गण सांगितला आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, उपलसरी, दूर्वा ही आपल्या ओळखीची मंडळी आहेत. आजकालच्या वेष्टनांवर या गणाचा हवाला देऊन ‘वर्ण्य म्हणजे गोरे करणारे’ असा अर्थ छापलेला आढळतो. तो चरकाचा अर्थ नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात शरीराचे स्वाभाविक वर्ण सांगितले आहेत ते असे: कृष्ण, श्याम, श्यामावदात म्हणजे सावळ्यात उजळ, आणि अवदात म्हणजे गोरा. चारही प्रकृतीचे. विकृतीचे वर्ण म्हणून जे सांगितले, त्यांत निळा, तांबडा, हिरवा यांच्याबरोबर ‘शुक्ल’ आहे. काळा माणूस निरोगी आणि पांढराफटक पडलेला माणूस वैद्याकडे नेण्याजोगा, असा तो विचार आहे. ‘वर्ण्य’ म्हणजे ज्याचा जो वर्ण आहे तो निकोप ठेवणारे.

मराठीने हा भेद फार बारकाईने जपला होता. रंगासाठी तिच्याकडे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा अशी शब्दांची उतरंड आहे. त्वचेच्या आरोग्यासाठी मात्र संपूर्ण वेगळी पेटी आहे: नितळ, तुकतुकीत, तजेलदार, सतेज, कांतिमान. काळी मुलगी तुकतुकीत असू शकते आणि गोरी निस्तेज. पंढरपूरच्या विठोबाला सावळा म्हणताना वारकऱ्याला त्याच्या कांतीत काही उणे वाटत नाही. ‘उजळणे’ हे क्रियापद तर आपण भांड्यांवरून उचलले. तांब्याचा हंडा चिंचेने घासला की उजळतो. चिंचेचे आम्ल त्यावरचा काळपट थर काढते. हंडा उजळून तांब्याचाच होतो, चांदीचा होत नाही.

हा भेद पुसट केव्हा झाला? विवाहविषयक जाहिरातींच्या स्तंभांनी ‘गोरी हवी’ हे छापील अक्षरांत आणले, हे खरे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम बाजारात आले आणि त्याच्या जाहिरातींत नोकरी, वर आणि आत्मविश्वास हे तिन्ही एकाच नळीतून बाहेर पडू लागले. २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नये, असे दंडक घातले. २०२० साली त्या क्रीमचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, आणि मराठी जाहिरातलेखकांनी ‘गोरेपणा’च्या जागी ‘कांती’, ‘तेज’, ‘उजळपणा’ हे शब्द घेतले. म्हणजे तुकतुकीतपणाच्या पेटीतले शब्द काढून गोरेपणाच्या बाटलीवर चिकटवले. मला या विषयावर बोलावेसे वाटले त्याचे खरे कारण हे. ‘गोरे करू’ असे सरळ म्हणणाऱ्याला नकार देता येतो; ‘कांती सुधारू’ म्हणणाऱ्याला आई कशी नाही म्हणणार?

आणि नाही म्हणणे कधीकधी जिवाच्या मोलाचे असते. ‘वनस्पतीजन्य’ म्हणजे निर्धोक, ही समजूत जपानसारख्या दक्ष देशातही महागात पडली. बर्च आणि निक्को मेपल या झाडांत आढळणारे ऱ्होडोडेन्ड्रॉल हे द्रव्य तेथील एका मोठ्या कंपनीच्या प्रसाधनांत वर्ण उजळवण्यासाठी वापरले जात होते, त्याला सरकारची मान्यताही होती. जुलै २०१३ मध्ये ती उत्पादने परत मागवावी लागली. सुमारे १९ हजार वापरकर्त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले होते. टायरोसिनेजनेच त्या द्रव्याचे रूपांतर विषारी पदार्थात केले आणि रंगपेशी मेल्या. कारागिराचा हात धरायला गेलेले द्रव्य त्याचा कारखानाच जाळून बसले. चरकाने ‘शुक्ल’ विकृतीत का घातला असावा, हे त्या स्त्रियांना सांगावे लागले नसते.

कोजिक आम्लाचेही प्रमाण बेताचेच हवे; युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने ते चेहऱ्याच्या आणि हातांच्या प्रसाधनांत एक टक्क्यावर बांधून टाकले. हायड्रोक्विनोन हे जुने द्रव्य दीर्घकाळ चोपडल्याने त्वचा निळसर-काळी पडते, असे दक्षिण आफ्रिकेतील वैद्यांनी १९७५ मध्येच नोंदवले होते.

आपल्याकडचा धोका याहून ओबडधोबड आहे. २०२३ च्या आरंभी शेजारच्या वऱ्हाडातील अकोल्याची बातमी आपण वाचली असेल. एकाच घरातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील वैद्यांनी कारण शोधता शोधता त्या वापरत असलेल्या क्रीमपर्यंत मजल मारली, आणि त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. पारा टायरोसिनेजमधील तांब्याची जागा बळकावतो, म्हणून चेहरा खरोखरच थोड्या दिवसांत फिकट दिसू लागतो. हीच त्याची मोहिनी. त्वचेतून शिरलेला पारा पुढे मूत्रपिंडात साठतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार त्वचेच्या लेपांत पारा घालण्यास बंदी आहे आणि अनवधानाने आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकी आहे. पण बिननावाच्या डबीला नियम वाचता येत नाही. दुसरा प्रकार स्टिरॉइडयुक्त मलमांचा. त्यांच्यावर २०१८ साली बंधने कडक झाली, तरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती आणली जातात. त्वचा कागदासारखी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि मलम सोडले की चेहरा पेटतो.

त्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले ते आता सांगतो. बाटलीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी आहे की नाही, ते आधी पाहायला सांगितले. यातले एकही नसेल, तर बाटलीत काय आहे याची चर्चाच व्यर्थ. आठवड्याभरात झपाट्याने गोरेपणा दिसू लागला, तर आनंद मानण्याऐवजी घाबरावे, हेही सांगितले, कारण आंबवलेल्या वनस्पतींना इतकी घाई नसते. मुलीच्या गालावर वांग असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. तो पहिल्याप्रथम उन्हापासून संरक्षणच सांगेल, आणि ओढणी, छत्री, सनस्क्रीन यांचा खर्च बाटलीहून कमी येईल. वांग नसेल, तर चाचणीला काही कारण नाही.

तिने बाटली उचलली, यादी वाचली. पहिला घटक पाणी होता. आंबवलेला अर्क शेवटून तिसऱ्या जागी होता, सुगंधाच्या एक पायरी वर.